खुर्ची मिळण्याआधीच बिघडलेला माणूस: राघोबादादांच्या निमित्ताने

सत्ता माणसाला बिघडवते, हे आपल्याकडे पारावरही ऐकू येतं आणि भाषणातही. लॉर्ड ॲक्टन या इंग्रज इतिहासकाराने १८८७ साली एका पत्रात हेच म्हटलं होतं, तेव्हापासून ते वाक्य जगभर फिरतंय. पण त्यात ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचाच विचार होतो. ज्याला ती कधी धड मिळालीच नाही, तरी जो तिच्यापायी पार बदलून गेला, त्याचं काय? माझ्या मते खरं नुकसान सत्तेपेक्षा सत्तेची भूक जास्त करते, आणि ते बऱ्याचदा खुर्चीवर बसण्याआधीच झालेलं असतं.

हे समजून घ्यायला राघोबादादांइतकं स्पष्ट उदाहरण मराठी इतिहासात दुसरं नाही. रघुनाथराव पेशवे. १७६१ पासून १७८३ साली मरेपर्यंत, म्हणजे २२ वर्षं, या माणसाच्या मनात एकच गोष्ट होती. पेशवेपद प्रत्यक्षात हाती राहिलं ते जेमतेम काही महिने. म्हणजे बिघडवायला सत्तेला वेळच मिळाला नाही. बिघाड सगळा आधीचा.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. राघोबादादा मुळात वाईट माणूस नव्हते. पहिल्या बाजीरावांचा हा धाकटा मुलगा, जन्म १७३४ चा. मोठे भाऊ नानासाहेब पेशवे होते आणि दादा त्यांच्या हुकुमाने मोहिमा काढत. १७५८ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या फौजा लाहोरात शिरल्या. ‘अटकेपार झेंडे’ हा आपल्या तोंडी रुळलेला शब्दप्रयोग त्याच मोहिमेतला. मोहीम खर्चात बुडाली आणि घरी हिशेबावरून बोलणी बसली, पण दादांचं शौर्य कुणी नाकारलं नाही. तेव्हा ते भावाच्या हाताखाली होते आणि तरीही एवढं मोठं काम करू शकत होते. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ‘खुर्चीशिवाय मला काही करताच येत नाही’ असं त्यांच्या मनाने घेतलं.

पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेबांचे थोरले चिरंजीव विश्वासराव गेले, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले. त्या धक्क्याने नानासाहेब जूनमध्ये पर्वतीवर वारले. पेशवाईची वस्त्रं मिळाली नानासाहेबांच्या मुलाला, माधवरावांना. त्यांचं वय होतं १६. काकांचं वय २६, अंगावर लढायांचा अनुभव, नावावर लाहोर. दादांना वाटलं, हे पद आपलं होतं.

वाटणं चुकीचं होतं का? पेशवेपद बापाकडून थोरल्या मुलाकडे जात आलं होतं: बाळाजी विश्वनाथ, मग बाजीराव, मग नानासाहेब. त्या रिवाजाने माधवरावच वारस होते. पण अनुभवी माणसाला डावलून पोरसवद्या पुतण्याला बसवलं, ही सल माणसाला समजण्यासारखी आहे. सत्तेची भूक बहुतेक वेळा अशीच, निम्म्या खऱ्या तक्रारीतून जन्माला येते. साफ खोट्या तक्रारीवर माणूस फार दिवस जगू शकत नाही, निम्म्या खऱ्या तक्रारीवर जन्मभर जगतो.

या तक्रारीचं पुढे काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. मनात एक उधारीची वही उघडली जाते आणि तिच्यात फक्त येणं लिहिलं जातं. लोकांनी आपलं काय देणं ठेवलं, कुणी मान दिला नाही, कुणी मधे आलं, हे सगळं लिहिलं जातं. आपण कुणाचं काय घेतलं याला त्या वहीत पानच नसतं. अशी वही भरत गेली की पुढे केलेलं कुठलंही वाईट काम ‘वसुली’ वाटू लागतं. आपण काही हिसकावतोय असं त्या माणसाला वाटतच नाही, आपलंच परत घेतोय असं वाटतं. म्हणून त्याला टोचणीही लागत नाही.

वर्षभरातच दादांनी पहिली मोठी रेघ ओलांडली. १७६२ मध्ये ते पुण्यातून निघाले आणि पुतण्याविरुद्ध निजामाची मदत घेतली. निजाम म्हणजे पेशव्यांचा पिढीजात शत्रू. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला सदाशिवरावभाऊंनी याच निजामाला हरवून दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख मिळवला होता. तोच मुलूख, दौलताबादसकट, दादांनी मदतीच्या बदल्यात निजामाला परत द्यायचं कबूल केलं. अडीच-तीन वर्षांपूर्वी घरच्याच माणसाने लढून आणलेलं घरच्याच माणसाने परत वाटायला काढलं.

नोव्हेंबरात घोडनदी आणि आळेगावला लढाया झाल्या. आपसात लढून राज्याचं वाटोळं व्हायला नको म्हणून माधवराव स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि स्वाधीन झाले. कारभार दादांच्या हातात आला.

इथे थोडं थांबू, कारण भुकेल्या माणसाला ताट मिळाल्यावर तो काय करतो हे इथे अगदी जवळून दिसतं. अनुभव होता, अधिकार आला होता, विरोधक शांत होता. राज्य सावरायची संधी होती. दादांनी केलं काय, तर जुने हिशेब चुकते केले. गोपाळराव पटवर्धन माधवरावांच्या बाजूचे होते, म्हणून त्यांच्या मिरजेवर फौज नेली आणि ठाणं काढून घेतलं. भवानराव प्रतिनिधींना पदावरून काढलं आणि ते पद आपल्या तान्ह्या मुलाच्या नावावर केलं. तान्ह्या मुलाच्या! प्रतिनिधी हे छत्रपतींच्या दरबारातलं पेशव्यांच्याही वरचं मानाचं पद. ते पाळण्यात नेऊन ठेवलं.

दुखावलेली माणसं निजामाकडे गेली. ज्या निजामाला दादांनी घरच्या भांडणात बोलावलं होतं, तोच १७६३ मध्ये पुण्यावर चालून आला. शहर लुटलं, जाळलं. लोक घरदार टाकून आसपासच्या किल्ल्यांवर पळाले. पुणेकरांचा या भांडणात काय संबंध होता? काहीच नाही. मोठ्यांच्या भुकेची किंमत ज्यांना त्यातलं काही मिळणार नसतं तेच मोजतात, हे तेव्हाही तसंच होतं.

ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला गोदावरीच्या काठी निजामाचा मोड झाला. त्या लढाईत संकटात सापडलेल्या काकांना सोडवायला धावले ते माधवरावच. मिरज पुन्हा पटवर्धनांकडे आली, प्रतिनिधींचं पद परत मिळालं. काकांनाही माधवरावांनी मान दिला, पुढे मोठी फौज देऊन उत्तरेत पाठवलं. म्हणजे काम होतं, फौज होती, मान होता. फक्त खुर्ची नव्हती. महत्त्वाकांक्षा आणि हाव यातला फरक मला इथे दिसतो. महत्त्वाकांक्षी माणसाला काम दिलं की तो शांत होतो. हावेला काम नकोच असतं.

दादांनी अर्ध्या राज्याची मागणी केली, पुन्हा फौज जमवली. १७६८ च्या जूनमध्ये नाशिकजवळच्या धोडपला माधवरावांनी त्यांना पकडलं आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

आता मानसशास्त्र काय सांगतं ते थोडक्यात बघू. २००६ मध्ये ॲडम गॅलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना, आपल्या हाती सत्ता होती असा प्रसंग आठवून लिहायला सांगितलं. काहींना, आपण दुसऱ्याच्या सत्तेखाली होतो तो प्रसंग. मग सगळ्यांना स्वतःच्या कपाळावर इंग्रजी ‘ई’ काढायला सांगितलं. सत्तेची आठवण जागवलेल्यांपैकी जास्त लोकांनी ते अक्षर स्वतःला सरळ वाटेल असं काढलं, म्हणजे समोरच्याला उलटं दिसेल असं. समोरून आपण कसे दिसतो हा विचारच मागे पडला. प्रयोग छोटा आहे, त्यावर फार मोठा इमला चढवू नये. पण गंमत म्हणजे इथे कुणाला खरी सत्ता दिलीच नव्हती, सत्तेचा नुसता विचार करायला लावला होता. जो माणूस वर्षानुवर्षं रात्रंदिवस तोच विचार करतो, त्याला समोरच्याच्या डोळ्यांनी पाहणं किती अवघड जात असेल, याचा अंदाज करता येतो.

त्यात नजरकैदेतल्या माणसाभोवती कोण असतं? ज्यांचं कारभारात जमत नाही, ज्यांना बढती मिळालेली नाही, ज्यांना कुणावर तरी सूड उगवायचाय, असे लोक. धनी वर आला तरच आपणही वर येऊ, हे त्यांचं गणित. ते ‘दादासाहेब, झालं गेलं विसरा’ असं कशाला म्हणतील? ते कान भरणार. भुकेल्या माणसाला आपले लोक निष्ठावान वाटतात, प्रत्यक्षात ते त्याच्या भुकेवर पोट भरत असतात. आजही एखाद्या पुढाऱ्याभोवती, संस्थेच्या अध्यक्षाभोवती हीच मंडळी दिसतात. पुढारी बदलतो, मंडळी बऱ्याचदा तीच असतात.

१८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव थेऊरला क्षयाने वारले. वय २७. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले, १७ वर्षांचे. मरण्याआधी माधवरावांनी भावाचा हात काकांच्या हातात दिला होता, असं सांगतात. पण थोड्याच दिवसांत पुन्हा वितुष्ट आलं आणि दादांवरचा पहारा आणखी कडक झाला. नारायणराव उतावळे होते, माणसं सांभाळायची हातोटी त्यांच्यात नव्हती. वहीत आणखी पानं भरली.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस, दुपारची वेळ. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, शनिवारवाड्यात घुसले. पुढे सुमेरसिंग. नारायणराव जिवाच्या आकांताने पळत काकांच्या दालनात गेले आणि काकांना मिठी मारली. ‘काका, मला वाचवा’ ही हाक पुढे दंतकथेत गेली, पण मिठीचा प्रसंग जुन्या हकिकतींतही आहे. ती मिठी सोडवून त्यांना ओढलं गेलं. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला. दोघेही कापले गेले. वाड्यातले आणखी नोकरचाकर मारले गेले. नारायणरावांना अठरावं संपून वीसच दिवस झाले होते.

या प्रसंगाबद्दल आपण पिढ्यान्‌पिढ्या एकच चर्चा करत आलोय: ‘ध’चा ‘मा’ दादांच्या पत्नी आनंदीबाईंनी केला का? हुकुमात ‘धरावे’ होतं, त्यांनी ‘मारावे’ केलं, अशी ती कथा. मला ही चर्चाच चुकीच्या जागी वाटते. क्षणभर धरून चालू की दादांनी फक्त ‘धरावे’ म्हटलं होतं. तरी थकलेल्या पगारावर चिडलेल्या, हातात नंग्या तलवारी असलेल्या भाडोत्री शिपायांना १८ वर्षांच्या पुतण्याला धरायला पाठवणारा माणूस कोण? बायकोने कागदावर काय खोडलं याची चर्चा आपण अडीचशे वर्षं केली आणि कागद लिहायला बसणाऱ्याला सूट दिली. भुकेल्या पुरुषाच्या गुन्ह्याला एक बाई सापडली की समाजालाही सोयीचं पडतं.

आणि ‘फक्त धरायचं होतं’ हे वाक्य नीट ऐका. बिघडत गेलेल्या माणसाचं हे ठरलेलं वाक्य आहे. मला फक्त दबाव आणायचा होता, मला फक्त धडा शिकवायचा होता. निजामाला बोलावतानाही ‘फक्त मदत’ हवी होती. प्रत्येक वेळी पाऊल छोटंच वाटतं, कारण ते मागच्या पावलापासून मोजलेलं असतं. १७५८ मध्ये लाहोरला असलेल्या रघुनाथरावांना कुणी विचारलं असतं की तुम्ही पुतण्यावर मारेकरी घालाल का, तर त्यांनी विचारणाऱ्याचीच जीभ हासडली असती. १५ वर्षांत ते तिथवर आले, एकेक पाऊल टाकत.

पेशवाईची वस्त्रं मिळाली. मग? फौज घेऊन स्वारीवर निघाले आणि वाटेतून एकेक मुत्सद्दी काही ना काही कारण सांगून पुण्याला परतू लागला. सखारामबापू, नाना फडणवीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके. हेच बारभाईचं कारस्थान. नारायणरावांची विधवा पत्नी गंगाबाई गरोदर होती, तिला पुरंदरावर सुरक्षित नेलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि ४० दिवसांच्या त्या बाळाला, सवाई माधवरावांना, पेशवा केलं. अनुभवी, पराक्रमी काकांपेक्षा राज्यातल्या शहाण्या लोकांना पाळण्यातलं मूल भरवशाचं वाटलं. दादा गुजरातेकडे पळाले.

मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. अडीच हजार फौजेची मदत घेतली, सहा लाखांचे दागिने गहाण ठेवले, आणि साष्टी व वसई इंग्रजांना द्यायचं कबूल केलं. वसई! दादांचे सख्खे चुलते चिमाजी आप्पा यांनी दोन वर्षं झुंजून, हजारो माणसं खर्ची घालून १७३९ च्या मेमध्ये पोर्तुगिजांकडून ती घेतली होती. उदगीरच्या वेळी चुलतभावाने मिळवलेलं, आता चुलत्याने मिळवलेलं. जे मिळवायला घरची माणसं मेली ते विकायला काढताना दादांचा हात थरथरल्याचं कुठे दिसत नाही. तोवर त्यांच्याजवळ आपलं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. गिऱ्हाईक उरलं होतं, आणि गिऱ्हाइकाला माल दाखवावा लागतो.

पुढचं झपाट्याने सांगून टाकतो. १७७९ च्या जानेवारीत इंग्रज त्यांना घेऊन बोरघाट चढले, वडगावला वेढले गेले आणि शरण आले. दादा महादजी शिंद्यांच्या हाती लागले, तिथूनही निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी त्यांचा हात सोडला. महिना २५ हजारांची नेमणूक ठरली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये ते कोपरगावला वारले.

आता कुणी म्हणेल, सत्ता म्हटली की असंच होणार. माधवरावांकडे पाहा. तेही त्याच घरातले, त्याच वाड्यातले, सोळाव्या वर्षी सगळ्या दौलतीचे धनी. स्वभाव तापट. तरी सत्तेने ते सडले नाहीत. याचं कारण शोधताना मला पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे दिसतात. माधवराव एकदा जपध्यानात इतके गुंतले की राज्याची कामं तुंबून राहू लागली. शास्त्री भेटायला आले तर पेशवे ध्यानाला बसलेले. शास्त्रीबुवांनी निरोप घेतला, मी काशीला निघालो. विचारल्यावर तोंडावर सांगितलं: ब्राह्मणधर्मच पाळायचा असेल तर चला, दोघेही गंगेकाठी जाऊन राहू, पण गादीवर बसायचं असेल तर प्रजेचं काम हाच तुमचा धर्म. माधवरावांनी ते ऐकलं आणि आपला क्रम बदलला, अशी कथा आहे. ‘नाही’ म्हणणारा नोकर पदरी असणं आणि त्याचं ऐकून घेण्याइतकी खुर्चीची पकड सैल असणं, या दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. भुकेल्या माणसाकडे दुसरी नसते, म्हणून पहिलीही टिकत नाही.

हे सगळं पेशवाईपुरतं मानू नका. हाउसिंग सोसायटीचं सेक्रेटरीपद, गावची पतसंस्था, सार्वजनिक गणेश मंडळ, शिक्षणसंस्थेचं विश्वस्त मंडळ, साखर कारखान्याचं पॅनेल, कुठेही बघा. चांगलं काम केलेला माणूस एका निवडणुकीत डावलला जातो. तक्रार निम्मी खरी असते. मग तो प्रत्येक बैठकीत कामाआधी मान मोजू लागतो. ज्या बाहेरच्या माणसाशी कालपर्यंत लढत होता त्याच्याशी आज हातमिळवणी करतो. संस्थेची जमीन, ठेवी, नाव या गोष्टी त्याला सौदा करण्याजोग्या वाटू लागतात. एखाद्याची भूक वाढतेय हे ओळखायचं असेल तर त्याची भाषणं ऐकू नका, पद नसताना तो संस्थेत किती वेळ देतो ते बघा. आणि स्वतःची तपासायची असेल तर आठवून बघा, तुम्हाला शेवटचं ‘हे चुकतंय’ असं कुणी म्हटलं होतं आणि तो माणूस आज तुमच्या जवळ आहे का.

राघोबादादांच्या जवळ तसा माणूस होता. नारायणरावांच्या खुनानंतर रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि खुद्द दादांना दोषी ठरवलं. प्रायश्चित्त काय, असं दादांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं: देहान्त. नव्या पेशव्याला, त्याच्याच पगारी न्यायाधीशाने, त्याच्याच दरबारात. मग शास्त्रीबुवा पद सोडून पुण्यातून निघाले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. तुमच्या राज्यात मी पुण्यात पाय ठेवणार नाही, असं ते सांगून गेले होते. दादा गादीवर होते तोवर ते परतले नाहीत. बारभाईंनी बोलावल्यावर आले आणि पुन्हा न्यायाधीशाच्या कामाला लागले.